कृष्णाकाठचे वेडे राघू

चैत्रात पहाटे मिरजेच्या कृष्णाघाटाकडे फिरायला गेलात, तर पाणी बघून झाल्यावर काठाच्या दरडीही न्याहाळा. मातीच्या उभ्या कापात लिंबाएवढी गोल भोकं दिसली, तर ती बहुधा वेड्या राघूंची, म्हणजे मधमाश्या खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांची घरटी.

काल एक जोडी खोदताना दिसली. चोचीने माती उकरायची, पायांनी मागे उडवायची. बोगदा मीटरभर, कधी त्याहून लांब. आत गवत नाही, काडी नाही; अंडी थेट मातीवर.

मधमाशी पकडली की राघू तिला फांदीवर आपटून नांगी काढतो, मगच गिळतो.

मला सगळ्यात भावतं ते पुण्याच्या मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांचं २००२ सालचं संशोधन. घरटं दिसेल अशा जागी माणूस उभा असला, तर राघू आत शिरायचं टाळतो. तोच माणूस तेवढ्याच अंतरावर, पण घरटं दिसणार नाही असा उभा राहिला, तर राघू सहज आत जातो. समोरच्याला काय दिसतंय याचा अंदाज हा एवढासा पक्षी घेतो!

म्हणून फोटोसाठी भोकासमोर ठाण मांडू नका, पिल्लं उपाशी राहतात. आणि या दिवसांत दरडीची माती कुणी उकरत असेल, तर इथे राघूंची घरटी आहेत, हे त्यांना जरूर सांगा.

तुमच्या गावच्या नदीकाठी राघू दिसतात का?