खिडकीआडचे चित्र : ‘आवाज’ आणि चावटपणाचा उघड बाजार

महाराष्ट्रात छापील चित्राचे दोन बाजार दीर्घकाळ शेजारी नांदत आले आहेत. पहिला, शिर्डीच्या मंदिराभोवती दिसतो तसा, साईबाबांच्या तसबिरी उघड्यावर मांडणारा. दुसरा ‘पिवळी पुस्तके’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामुक पुस्तिकांचा, ज्या दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकालाच काढून दाखवी. मधुकर पाटकर यांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकातले खिडकीचित्र या दोन बाजारांच्या मधल्या जागेत रुजले, कारण ते विकले जाई राजरोस आणि पाहिले जाई मात्र चोरून.

खिडकीचित्रात पुढच्या पानाचा लहानसा भाग कापून मोकळा ठेवलेला असतो आणि त्या चौकटीतून मागच्या पानावरील चित्राचा तेवढाच तुकडा दिसतो. हा तुकडा पुढच्या चित्रात अशा बेताने बसवलेला असतो की वाचकाला उघड्या देहाचा किंवा शृंगाराच्या प्रसंगाचा भास व्हावा. पान उलटले की तोच तुकडा एखाद्याचे टक्कल किंवा फुगा अशा निरुपद्रवी गोष्टीचा निघतो. चित्रकाराला त्यासाठी दोन स्वतंत्र चित्रे एकाच रेषेवर जुळवावी लागतात, आणि कापणी किंवा बांधणी जराशी सरकली तरी सगळा विनोद वाया जातो. नाशिकचे ज्ञानेश सोनार हे या प्रकारातील नावाजलेले व्यंगचित्रकार.

चोरून पाहण्याच्या चित्रांचा बाजार मराठीपुरता नव्हता. ‘आवाज’च्या आरंभीच्या काळातच उत्तर अमेरिकेत फेटिश चित्रांचा, म्हणजे विशिष्ट वस्त्र, उंच टाचांचे बूट किंवा बंधन यांवर खिळलेल्या कामेच्छेच्या चित्रांचा, भूमिगत व्यवसाय टपालाने चालत होता. चित्रकार जॉन विली याचे ‘बिझार’ नियतकालिक १९४६ साली निघाले. न्यूयॉर्कचा प्रकाशक आयर्विंग क्लॉ हा एरिक स्टँटनसारख्या चित्रकारांकडून चित्रमालिका काढून घेई. १९५५ साली अमेरिकी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने क्लॉ याला चौकशीसाठी बोलावले, त्यानंतर त्याचा धंदा खचला आणि छायाचित्रांच्या पुष्कळशा निगेटिव्ह नष्ट झाल्या. ज्या उरल्या त्या त्याची बहीण पॉला हिने राखल्यामुळे.

मराठी प्रकाशकांनाही कायद्याचा धाक अपरिचित नव्हता. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे आणि आत लैंगिक प्रश्नांची कोरडी, शास्त्रीय उत्तरे. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू लढवली, तरीही कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेसाठी लेखक चंद्रकांत काकोडकर यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि ते निर्दोष ठरले १९६९ साली.

या पार्श्वभूमीवर खिडकीचित्राची हुशारी ध्यानात येते. भारतीय दंडसंहितेचे कलम २९२ अश्लील मजकूर आणि चित्रे यांच्या विक्रीला गुन्हा ठरवीत होते, परंतु येथे आक्षेपार्ह चित्र कागदावर पुरते छापलेलेच नसे. ते वाचकाच्या डोक्यात तयार होई आणि पान उलटताच पुरावा म्हणून हाती लागे ते टक्कल. क्लॉ याने जे गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवले, ते पाटकरांनी गिऱ्हाइकाच्या कल्पनेवर सोपवले. मात्र या युक्तीचे कौतुक करताना एक उणीव झाकता येत नाही : खिडकी बहुधा बाईच्याच देहावर उघडे आणि फजिती होई ती डोकावणाऱ्या पुरुषाची, म्हणजे विनोदाची दोन्ही टोके पुरुष वाचकासाठी राखलेली असत. विलीच्या चित्रांतील चाबूकधारी स्त्रीला निदान प्रसंगावर हुकूमत तरी होती. खिडकीआडच्या बाईला बोलण्याची पाळी क्वचितच आली.