पात्यातलं पाणी

गेल्या महिन्यात आमच्या ओट्यावर एक करडी पट्टी येऊन पडली. दीड वीत लांब, अडीच मिलिमीटर जाड, आकार सुरीचा. पण धार नाही आणि मूठही नाही. शेपटाला दोन भोकं तेवढी पाडलेली. कानस घेऊन कडेवर घासली तर पट्टीवर ओरखडा उठेना, कानसच कुरकुरत घसरून गेली. दुकानदारानं एवढंच सांगितलं होतं, ‘पाणी दिलेली आहे. मूठ बसवा, धार काढा, झाली सुरी.’

पाणी दिलेली. लोहाराच्या शाळेत कधी न गेलेलेही हा शब्द सहज वापरतात. विळी बोथट झाली की आजी म्हणायची, पाजवून आण. उमद्या घोड्याला आपण पाणीदार म्हणतो, तेज नजरेलाही पाणीदार म्हणतो. पोलाद काही पीत नाही. मग लोखंडाच्या या कोरड्या तुकड्यात पाणी कुठून आलं आणि ते राहतं कुठे?

आमच्या पलूसच्या बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलेलं मी लहानपणी तासन् तास बघत उभा राहिलो आहे. जमिनीत रोवलेली ऐरण, भात्यानं फुललेला कोळसा, सांडशीत धरलेला ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा. पुरुष सांडशी फिरवायचा आणि बाई घण मारायची, ठोक्यावर ठोका, एकदाही न चुकता. कमानपाट्याचा कोयता व्हायला फार वेळ लागत नसे. आमच्याकडे उसाचा मुलूख. तोडीला आलेलं नवरा-बायकोचं जोडपं मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणूनच लिहिलं जातं, इतकं ते हत्यार आणि ती माणसं एकमेकांना चिकटलेली. कमानपाटा का, तर त्यात कार्बन असतो. अर्धा-पाऊण टक्का. खरी गोष्ट इथे सुरू होते.

शुद्ध लोखंड मऊ असतं. त्यात कार्बन जवळजवळ नसला तर ते वाकतं, त्याला धार टिकत नाही. तीन टक्क्यांच्या पुढे कार्बन गेला तर ते बीड होतं: साच्यात छान ओतता येतं, पण घणाखाली फुटतं. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, अर्ध्या ते दीड टक्क्याच्या आसपास, धार धरणारं पोलाद आहे. जुने लोहार त्याला ‘तिखं’ म्हणत आणि झिजलेल्या कुऱ्हाडीला नवं तिखं जोडून देणं म्हणजे ती ‘तिखवणं’. कोळशाची चिमूटभर भर, आणि धातूचं नावच चवीवरून पडावं!

पण नुसता कार्बन असून भागत नाही. थंड लोखंडातले अणू एका ठरावीक रचनेत उभे असतात: घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ आणि पोटात एक. या रचनेत कार्बनच्या अणूला शिरायला जागाच नाही म्हटलं तरी चालेल. लोखंड तापवत न्या. ७२७ अंश सेल्सियसच्या पुढे पोलादातले अणू आपली जागा सोडून नव्या रांगा लावू लागतात. घन पदार्थ, वितळलेला नाही, आणि तरी आतला सगळा गाव उठून दुसरीकडे वसतो. नवी रचना फळवाल्यानं रचलेल्या संत्र्यांच्या राशीसारखी असते, पहिल्यापेक्षा जास्त दाटीची. गंमत अशी की या दाटीतली एकेक पोकळी मात्र आधीच्यापेक्षा मोठी असते. म्हणून जिथे थंडपणी दोन शतांश टक्केही कार्बन मावत नव्हता, तिथे आता दोन टक्क्यांपर्यंत मावतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं होतं.

आता तो गुंजेसारखा लाल झालेला तुकडा सावकाश निवू दिला तर कार्बन शांतपणे बाहेर पडतो, आपले वेगळे थर करून बसतो आणि पोलाद पुन्हा मऊ होतं. पण लोहार तो एकदम पाण्यात बुडवतो. चर्रर्र! रांगा मागे फिरायला निघतात, आणि कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो. घनाची एक बाजू ताणली जाते, सगळी जाळी ओढाताणीत घट्ट होते. हे रूपांतर ध्वनीच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्या वेगानं धातूतून धावतं. या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. म्हणजे सुरीची कठीणता ही एक अडलेली वाट आहे. बाहेर पडू पाहणारा आणि पडू न शकलेला कार्बन आपला कांदा चिरत असतो.

इथवर पोचलेलं पातं कठीण असतं, पण काचेसारखं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. त्याला थोडं सैल करावं लागतं, आणि घिसाड्याचं सगळ्यात सुंदर काम मला हे वाटतं. तो कोयता पुरता बुडवतच नसे. फक्त धारेची बाजू पाण्यात, पाठ वर, अजून लाल. मग बाहेर काढून, विटेच्या तुकड्यानं धार चटकन घासून उजळ करी आणि डोळे लावून बसे. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि उजळलेल्या पोलादावर रंग चालू लागतात: आधी गव्हाच्या काडासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग मोरपिशी निळा. डबक्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगाला रंग दिसतात, त्याच जातीचे हे रंग. पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो, त्याची जाडी वाढत जाईल तसा प्रकाश वेगळा परततो. फिका पिवळा म्हणजे २२० अंशांच्या आसपास, जांभळा २८०, निळा ३००. हवा तो रंग धारेवर पोचला की कोयता पुन्हा पाण्यात, या वेळी सगळा. त्याच्याजवळ तापमापक नव्हता. रंग हाच त्याचा तापमापक होता, आणि पाठ मऊ, धार कठीण असं दुहेरी हत्यार तो एकाच उबेत साधत होता.

पोलादाचं हे वेड प्रयोगशाळेतही होतं. इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडे हा विजेचा महान संशोधक १८१९ च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर भारतीय पोलादाचं गुपित शोधत होता. दक्खनेत मुशीत बनणारं हे पोलाद तिकडे ‘वुट्झ’ नावानं गाजलं होतं. फॅरेडेचे वडील लोहार होते. हे कळल्यापासून मला रस्त्याकडेची ऐरण आणि लंडनची प्रयोगशाळा एकाच घरातल्या दोन खोल्या वाटतात.

आमच्या पलूस तालुक्यानं तर पोलाद-लोखंडाचं मोठं पर्व पाहिलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं आणि तिथून ते यंत्रांकडे वळले. त्यांचं पहिलं यंत्र म्हणजे कडबा कापायचं. चाकाला पाती लावायची, चाक फिरवायचं, बैलासाठी कुट्टी पडते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांनी लोखंडी नांगरही केला; त्यानं जमिनीला विष चढेल अशी भीती शेतकऱ्यांना होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. नांगराची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. पण सुरुवात पात्यानं झाली होती, हे मला सुरी करताना सारखं आठवत राहिलं.

कोणी म्हणेल, तयार पट्टीला मूठ बसवणं ही काय कारागिरी? मला हा आक्षेप पटत नाही. मराठा सैन्यातली ‘फिरंग’ तलवार घ्या. तिचं लांब सरळ पातं युरोपातून तयार येई, पाणी दिलेलं, आणि मूठ इथे चढे. हाताला रुंद वळसा देणारी, मुठीमागे टोक काढलेली ती मूठ आपल्या कारागिरांची होती. परक्या पात्याला आपला हात देणं हे वेगळंच कसब आहे.

माझ्या पट्टीला मी जुन्या बाभळीच्या दोन फळ्या दिल्या. बैलगाडीच्या चाकाला चालते ती सुरीला का नको? मला मुठीत तिसरं भोक हवं होतं. साधं ड्रिल दहा मिनिटं फिरलं आणि टोक लाल होऊन बोथटलं. पट्टीवर नुसता चमकदार ठिपका. तिथे कार्बाइडचं टोक लागलं. पितळी सळईच्या खिळ्या घातल्या, इपॉक्सीनं फळ्या चिकटवल्या, रात्रभर दाबून ठेवल्या. एवढं सगळं सोपं होतं.

चूक झाली ती धार काढताना. ग्राइंडरच्या चाकावर पट्टी धरली, ठिणग्यांचा फवारा उडाला, आणि मी दोन श्वास जास्त थांबलो. कड जितकी पातळ, तितकी ती लवकर तापते. टोकाजवळ बोटाच्या पेराएवढा निळा डाग उमटला. तोच मोरपिशी निळा. शेजारचे म्हातारे लोहार पट्टी उजेडात धरून म्हणाले, ‘तिथलं पाणी उतरलं की वो.’

तेवढ्या जागी ३०० अंश ओलांडले गेले होते. अडकलेल्या कार्बनला निसटायला फट मिळाली होती, जाळीची ओढाताण सैल पडली होती. पुन्हा गार केल्यानं ते परत येत नाही. त्यासाठी सगळं पातं लाल करून नव्यानं बुडवावं लागतं. पाणी चढतं आणि पाणी उतरतं, असं आपण माणसाबद्दलही बोलतो. पोलादाच्या बाबतीत तो शब्द इतका नेमका असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग ग्राइंडर बंद केला. बादलीभर पाणी घेतलं, ओला दगड घेतला आणि निळा भाग संपेपर्यंत हातानं घासला. पातं तीन मिलिमीटरनं अरुंद झालं. दर बाजूला साधारण १५ अंश उतार धरायचा, चार-पाच घासण्यांनंतर पात्यावर बोट ठेवून बघायचं, कोमट लागलं तरी बादलीत. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी वर्तमानपत्राचा कागद लोंबता धरला आणि सुरी आवाज न करता त्यातून उतरली.

कालपर्यंत तिनं दोन किलो कैऱ्या चिरल्या आहेत. आंबटानं पात्यावर राखाडी-निळे ढग उठलेत, आजीच्या विळीवर असायचे तसे. मी ते घासून काढत नाही. सुरी पुसतो, खोबरेल तेलाचं बोट फिरवतो आणि चमच्यांपासून लांब ठेवतो.