अंड्यातली ऊब आणि सापाची नक्षी

झाशीजवळच्या बरुआसागरचा विस्तीर्ण तलाव ओरछाचे राजे उदितसिंह यांनी 18व्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविला. या बुंदेलखंडी भागात मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो, तर थंडीच्या रात्री तो एकआकडी होतो. अशा टोकाच्या हवामानात तलावाकाठच्या बिळांत आणि बांधांच्या भेगांत दिवडीसारख्या सापांची अंडी वाढत असतात. सापाच्या अंड्याचे कवच टणक नसून चिवट व लवचिक असते आणि त्यातून पाणी आतबाहेर होते. शिवाय बहुतेक जातींची मादी अंडी घालून निघून जात असल्यामुळे भोवतालची माती जेवढी उष्ण आणि ओली असेल तेवढीच ऊब आणि ओल गर्भाच्या वाट्याला येते.

ही ऊब आणि ओल पिल्लाच्या अंगावर दिसते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात ग्रेगरी ब्राउन आणि रिक शाइन यांनी दिवडीच्याच उपकुळातील एका पाणसापाचा अभ्यास केला, तेव्हा ओलसर मातीत उबलेली पिल्ले कोरड्या मातीतल्या पिल्लांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे एकाच आईच्या पिल्लांतील लहानमोठेपणाही निव्वळ आनुवंशिक नसतो. मगरीत उबवणीचे तापमान पिल्लू नर होणार की मादी हे ठरविते, सापांत मात्र लिंग गुणसूत्रांनी ठरते, त्यामुळे तापमानाचा परिणाम तेथे आकार, रंग, नक्षी आणि खवले यांवर शोधावा लागतो.

नक्षी कशी बदलते हे समजण्यासाठी रंगपेशींचा प्रवास लक्षात घ्यावा लागतो. गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेवर, जेथे पुढे मज्जारज्जू होतो तेथे, काही पेशी सुटतात आणि त्वचेखालून दोन्ही बाजूंना पसरतात. त्यांतील काहींत काळे, काहींत पिवळे वा तांबडे रंगद्रव्य तयार होते, आणि त्या कोठे एकवटतात यावर ठिपके, पट्टे किंवा जाळी उमटते. कोणत्या पेशी निर्माण होणार हे जनुके सांगतात, परंतु पेशींचा प्रवास आणि शरीराची वाढ या दोन गोष्टी एकमेकींच्या तालात चालाव्या लागतात, आणि ऊब कमीजास्त झाली की तो ताल चुकू शकतो. मग दोन ठिपके जोडले जाऊन पट्टा होतो किंवा ठरलेली साखळी मध्येच तुटते.

याचा सर्वांत बोलका दाखला अजगराचा आहे, कारण अंडी घालून निघून जाण्याच्या नियमाला अजगराची मादी अपवाद आहे. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि स्नायू आखडून-सैल करून उष्णता निर्माण करते. भारतात राहिलेल्या लामार-पिको या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने हे 1832 साली पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडले तेव्हा ते अविश्वसनीय ठरविले गेले, पण 1841 साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहात अंडी उबविणाऱ्या अजगराचे तापमान मोजल्यावर त्याचे म्हणणे खरे निघाले. 1966 साली न्यूयॉर्क येथील मोजमापांत असे दिसले की हवेचे तापमान 33 अंशांखाली जाताच मादीचे स्नायू आखडू लागतात आणि तिचे अंग हवेपेक्षा उबदार राहते. पुढे अ‍ॅलन व्हिनेगर यांनी अजगराची अंडी आईविना निरनिराळ्या तापमानांत ठेवली. 30 अंशांच्या आसपास पिल्ले निरोगी निघाली, मात्र थंडाव्यात वाढलेल्या गर्भांत पाठीच्या कण्याचे दोष आणि बिघडलेली नक्षी आढळली. आईच्या वेटोळ्याचे मोल यावरून कळते; अजगराच्या अंगावरची ती ठसठशीत नक्षी काही प्रमाणात त्या आईच्या श्रमाचे फळ आहे.

पाळीव सापांच्या व्यापारात हा प्रश्न पैशांशी जोडला जातो. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन हा छोटा अजगर जगभर पाळला जातो आणि त्याचे आगळ्या रंगांचे प्रकार, ज्यांना पाळणारे मॉर्फ म्हणतात, चढ्या किमतीला विकले जातात. 1992 साली अमेरिकेतील बॉब क्लार्क यांनी पांढऱ्या-पिवळ्या अल्बिनो रंगाची पिल्ले मिळवून तो रंग आनुवंशिक असल्याचे सिद्ध केले. त्याउलट उबवणयंत्राचे तापमान चढल्या-उतरल्यामुळे पाठीवर सलग पट्टा आलेले पिल्लू कितीही देखणे असले तरी तो पट्टा त्याच्या संततीत उतरत नाही. पाहून हा भेद ठरविता येत नाही. त्या सापाची पैदास करून पाहणे हीच कसोटी आहे, आणि मादी वयात येण्यास सुमारे तीन वर्षे लागत असल्याने पहिल्या पिढीतच नवा मॉर्फ म्हणून भाव सांगणे घाईचे ठरते. भारतात देशी साप पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीतील परदेशी प्राण्यांची नोंदणी 2022 च्या दुरुस्तीने आवश्यक केली आहे.

या विषयाची खरी खोली मात्र बाजारापेक्षा वर्गीकरणशास्त्रात आहे. सापाची जात ओळखताना अभ्यासक पोटाकडचे आडवे खवले आणि अंगाभोवतीच्या ओळी मोजतात, आणि ही संख्या स्थिर मानली जाते. परंतु 1948 साली फॉक्स यांनी अमेरिकेतील गार्टर सापांत आणि 1978 साली ऑसगुड यांनी तेथील एका पाणसापात दाखविले की गर्भकाळातील तापमानानुसार ही संख्याही बदलते. त्यामुळे बरुआसागरच्या आणि कोकणच्या दिवडींत खवल्यांचा थोडा फरक आढळला तर त्याचे कारण वंशात शोधण्यापूर्वी मातीच्या तापमानात शोधले पाहिजे, आणि संग्रहालयातील नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव व तारीख यांबरोबर, अंडी मिळाली असतील तर, बिळातील ऊब आणि ओलही नोंदविली पाहिजे.