तुमच्या केंद्रात विशेष शिक्षक आहे का? दिव्यांग मुलांच्या पालकांनी हे माहीत करून घ्या

पोरगं रोज शाळेत जातं, हजेरी लागते, खिचडी खातं. पण पाचवीत गेलं तरी धड वाचता येत नाही. सगळे म्हणतात, "लक्षच देत नाही." खरं तर त्याला कमी ऐकू येत असेल, कमी दिसत असेल, नाहीतर अक्षरं ओळखण्यातच अडचण असेल. हे ओळखून मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवतात ते विशेष शिक्षक. आणि तेच कमी आहेत.

कमी का?
नेहमीचं डी.एड., बी.एड. इथे पुरत नाही. विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. अंध, कर्णबधिर, मतिमंद मुलांसाठी प्रशिक्षणही वेगवेगळं. एवढं शिकून अनेकांनी वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर काम केलं. मग नवीन मुलं इकडे कशी वळणार?

नियम काय सांगतो?
सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्रमाण ठरवून दिलं. प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना 15 मुलांमागे एक. राज्य सरकारने 2024 मध्ये केंद्रामागे एक, अशी 4,860 पदं मंजूर केली. पण एका केंद्रात दहाच्या आसपास शाळा. सगळ्या फिरायच्या म्हटलं, तर एका शाळेच्या वाट्याला पंधरवड्यात जेमतेम एक दिवस येतो.

पालकांनी काय करायचं?
1. शासकीय रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय. 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.
2. मुलाची नोंद यू-डायसमध्ये 'दिव्यांग' म्हणून झाली का, ते मुख्याध्यापकांना विचारा. लाजून लपवू नका. शिक्षक किती हवेत, हे मुलांच्या आकड्यावरूनच ठरतं.
3. विशेष शिक्षक कोणत्या दिवशी येतात, ते विचारा. येतच नसतील, तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.
4. मूल दहावीला असेल, तर जादा वेळ आणि लेखनिकाच्या सवलतीसाठी शाळेमार्फत वेळेत अर्ज करा.