‘दसादशे’चा अर्थ कोणी सांगायचा?

आमच्या मुलांना गणित जमत नाही, असे शिक्षक म्हणतात, पालक म्हणतात आणि हळूहळू मुलेही म्हणू लागतात. दहावीला गणितात नापास झालेल्या मुलाचे शिक्षण पुष्कळदा तेथेच थांबते. म्हणून या ‘जमत नाही’ची चिकित्सा केली पाहिजे. महाविद्यालयात गणित शिकवताना मी एक गोष्ट सतत पाहतो. पुष्कळ विद्यार्थी आकडेमोडीपर्यंत पोचतच नाहीत. ते प्रश्नाच्या वाक्यापाशी अडतात. वाक्य उकलून सांगितले की हीच मुले उदाहरण सोडवतात. तेव्हा माध्यमिक शाळेच्या गणिताची भाषा हा सामाजिक प्रश्न आहे.

मराठीत आधुनिक गणिताची पाठ्यपुस्तके १८२० नंतरच्या दशकात तयार होऊ लागली. मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी इंग्रजी पुस्तकांवरून मराठी पुस्तके सिद्ध केली. त्यांच्या हाताशी शास्त्रीमंडळी होती. परिभाषा संस्कृतातून आली. संस्कृतात गणिताची जुनी परंपरा होती, त्यामुळे तेथून शब्द घेण्यात गैर काही नव्हते. गैर हे झाले की शब्द वर्गात आला आणि अर्थ शास्त्र्याकडेच राहिला. ज्याच्या घरात संस्कृतचा वावर होता त्याला तो थोडाफार लागला. ज्याच्या पूर्वजांना संस्कृत ऐकण्याचीही बंदी होती, त्याच्या मुलाने तो नुसता पाठ केला.

‘त्रिज्या’ हा शब्द घ्या. मूल ‘त्रि’ पाहून तीन काय ते शोधते आणि त्याला काहीच सापडत नाही. ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. जुन्या ज्योतिर्गणितात वर्तुळाच्या कंसाला धनुष्य कल्पून त्याच्या दोरीवरून मापे काढत. तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची, ज्या ती त्रिज्या. ती केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराइतकी भरते. ‘जीवा’ म्हणजेही तीच दोरी. हे दोन मिनिटांत सांगता येते, पण मला शाळेत कोणी सांगितले नाही. ‘घातांक’ ऐकून मुलाला घातपात आठवतो. ‘कंस’ तर कधी वर्तुळाचा तुकडा असतो आणि कधी आकड्यांभोवतीची खूण. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला घरी विचारायला कोणी नसते. त्याला पुस्तकानेच सांगितले पाहिजे.

शब्दांइतकीच वाक्यरचनाही आडवी येते. ‘ज्या वर्तुळाच्या केंद्रापासून ६ सेंमी अंतरावर असलेल्या जीवेची लांबी १६ सेंमी आहे त्या वर्तुळाची त्रिज्या काढा.’ या धाटणीची वाक्ये आपण सर्वांनी वाचली आहेत. आता असे लिहा: ‘एका वर्तुळात १६ सेंमी लांबीची जीवा आहे. ती केंद्रापासून ६ सेंमी दूर आहे. वर्तुळाची त्रिज्या किती?’ यात गणित तसूभरही कमी झालेले नाही. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, म्हणून ६ आणि ८ या बाजूंचा काटकोन त्रिकोण मिळतो आणि उत्तर १० येते. पहिल्या वाक्याने मुलाच्या भूमितीची परीक्षा होण्याआधी त्याच्या व्याकरणाची होते. गुण मात्र गणिताचे जातात.

आता ‘द. सा. द. शे.’ पाहा. माझ्याबरोबरची मुले ‘दसादशे’ हा मंत्रासारखा म्हणत. ती ‘दर साल दर शेकडा’ या साध्या चार शब्दांची आद्याक्षरे आहेत. पण आमच्या वस्तीत व्याज सालाने बोलत नाहीत, महिन्याने बोलतात. ‘शेकडा पाचने पैसे काढले’ म्हणजे शंभराला महिन्याला ५ रुपये. पुस्तकाच्या भाषेत हे दसादशे ६० होते. १०,००० रुपयांवर एक महिनाही व्याज दिले नाही आणि थकलेले व्याज दरमहा मुद्दलात चढत गेले, तर वर्षाअखेर देणे सुमारे १७,९५९ रुपये होते. म्हणजे साठ नव्हे, जवळजवळ ऐंशी टक्के. चक्रवाढ व्याजाचे सूत्र येणारी मुले मी पाहिली आहेत. त्याच सूत्राने बापाचे कर्ज मोजता येते, हे त्यांना ठाऊक नव्हते. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे. त्यात जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड येतात. तेही आमच्या मुलांनी शिकावे. पण शेअर शिकवणाऱ्या वर्गात शेकडा पाचही यायला हवा.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचे विषय सांगताना मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब सांगितला होता. हिशेब न येणारा माणूस कसा नागवला जातो, हे त्यांनी पाहिले होते.

याचा अर्थ जुन्या मापांचे गोडवे गावेत असा नाही. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, हे माझ्या निरक्षर आजीला तोंडपाठ होते. पायलीत १६ चिपटी, म्हणजे २ चा चौथा घात. घातांक शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. पण माप मालकाच्या हातात होते आणि वही सावकाराच्या. आजीला गणित येत होते. ते कागदावर मांडून भांडण्याची भाषा तिच्याजवळ नव्हती. म्हणून परिभाषा टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. ती आम्हाला पुरी हवी आहे, अर्थासकट.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. मूल कोठे अडखळते हा प्रश्न त्या हशात बुडाला. दुसरीकडे अनेक शाळांनी सेमी इंग्रजीचा मार्ग धरला. ‘परिमेय’ न समजलेल्या मुलाला ‘रॅशनल’ हा शब्द दिल्याने एक कोडे जाऊन दुसरे आले, एवढेच.

पुस्तके बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वस्तीतल्या अभ्यासिकेत तीन कामे आजपासून होऊ शकतात. प्रत्येक नव्या शब्दाची फोड सांगावी, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. लांब वाक्याची मुलांकडूनच तीन छोटी वाक्ये करून घ्यावीत. आणि व्याजाचे प्रकरण आले की मुलांना घरच्या कर्जाचा दर, नाव न सांगता, दसादशेमध्ये मांडायला लावावे. ज्या दिवशी मुलगी घरी जाऊन सांगेल की हा दर सालाचा साठ होतो, त्या दिवशी सावकाराला वही उघडून दाखवावी लागेल.