मातीखालचं बीड – भाग 6 : खदानीच्या कडेला

मागच्या भागात गढी आणि पांढरी पाहिली. आता त्याहून अवघड जमिनीकडे येऊ. जिथला मुरूम, दगड, माती आधीच उपसून नेली आहे आणि जिथे उद्या प्लॉट पडणार आहेत, ती जमीन.

बीड जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सोन्याच्या, कोळशाच्या खाणी इथे नाहीत. इथली खाण म्हणजे मुरमाची खदान, खडीचा क्रशर, गेवराई-माजलगावकडचे गोदावरीचे वाळूघाट आणि गावोगावच्या पांढरीतून निघणारी माती. सरकारी भाषेत हे सगळं गौण खनिज. पांढरीची माती शेतात टाकायला आणि धाब्यावर पसरायला पिढ्यानपिढ्या नेली गेली, कारण जुन्या वस्तीची राख, शेण, हाडं तिच्यात मुरलेली असतात. पूर्वी ती बैलगाडीने जायची. आता जेसीबी आणि हायवा एका दुपारीत टेकाडाची एक बाजू मोकळी करतात.

‘खणून झालंय, आता तिथे काय राहिलंय?’ असं लोक सहज म्हणून जातात. मला हे मान्य नाही. खणताना कोणी जमीन एकसारखी खणत नाही. दोन खड्ड्यांमध्ये बांध राहतो, झाडाखालचा तुकडा राहतो, हद्दीच्या दगडाभोवतीची माती राहते. आणि खड्ड्याची उभी कड तर पुरातत्त्वज्ञाला आयतीच मिळते. ती खुरप्याने हलकेच तासली की थर दिसू लागतात. खाली मूळ काळी माती किंवा मुरूम, त्यावर राखेचा करडा पट्टा, त्यावर चोपून केलेली जमीन, मग पुन्हा राख, मध्ये खापरं. लाल अंगावर काळ्या रेघांची पातळ खापरी असेल आणि टिचकी मारल्यावर ती खणखणली, तर ती जोर्वे काळाची असण्याची शक्यता मोठी, म्हणजे तीन हजार वर्षांमागची. काचेच्या बांगड्यांचे तुकडे, चकचकीत झिलई दिलेली खापरं वरच्या थरांत येतात. ती पुष्कळ नंतरची. कोणतं खापर कोणत्या थरातलं, हे कडेवरच कळतं. ढिगाऱ्यात पडलेलं खापर ते सांगू शकत नाही.

कधीकधी खाण हाच पुरावा असतो. राजस्थानात जावरला हिंदुस्थान झिंक, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी 1980 च्या दशकात मिळून काम केलं, तेव्हा जुन्या खाणींच्या परिसरात जस्त गाळण्याच्या भट्ट्या निघाल्या. एकेका भट्टीत 36 मुशी बसवलेल्या. नागपूरजवळ नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, ती इसवी सनापूर्वीची. या दोन्ही जागा कोणी आधी सपाट करून टाकल्या असत्या, तर आपल्याकडच्या धातुविद्येचा मोठा भाग अंधारातच राहिला असता.

बांधकामाआधीची तपासणी फार खर्चिक नसते. आधी कागद पाहायचे. गावनकाशा, सातबारा, गट नंबर, निजाम राजवटीतली मोजणीची कागदपत्रं, गॅझेटियर. मग शेतात रांगेने पायी फिरून खापरं, विटा, घडीव दगड नकाशावर टिपायचे. मग निवडक ठिकाणी दोन मीटर बाय दोन मीटरचे चाचणी खड्डे घ्यायचे आणि मूळ मातीपर्यंत जायचं. खदानीच्या जमिनीत मुख्य काम एकच असतं : भराव कुठे संपतो आणि न हललेला थर कुठे सुरू होतो, ते शोधणं. त्यावरून ठरतं की जागा मोकळी करायची, रस्ता थोडा सरकवायचा, की पूर्ण उत्खनन करायचं.

सपाट दिसणारी जागा किती फसवते, ते अंबाजोगाईने दाखवलं आहे. सकलेश्वर म्हणजे बाराखांबी मंदिर यादवकाळातलं. तिथल्या शिलालेखाचं साल शके 1150, म्हणजे इ.स. 1228. राज्य पुरातत्त्व विभागाने तिथे 2018 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये खोदकाम केलं, तेव्हा आवारातल्या मातीखालून मंदिरांचे पाये वर आले.

पण सकलेश्वर सगळ्यांना माहीत आहे. कायद्याचं कवच घोषित स्मारकांना आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत नियंत्रण. यादीत नसलेल्या पांढरीला यातलं काहीच लागू नाही. इंग्लंडने 1990 मध्ये नियोजनाच्या नियमांतच पुरातत्त्व तपासणी आणली आणि तिच्या खर्चाचा भार बांधणाऱ्यावर टाकला. पुढे खडी-वाळूवरच्या कराचा काही भागही तिथे अशा कामाला दिला गेला. आपल्याकडे 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली आहेत. त्यांच्या नियमांत या कामासाठी जागा करावी आणि माती-मुरमाच्या परवान्यासोबत तसंच अकृषिक परवानगीच्या अर्जासोबत पाहणीचा एक कागद सक्तीचा करावा, एवढीच माझी मागणी आहे.

तोवर वाचकांना एक विनंती. खड्डा घेताना नाणी, मूर्ती, ताम्रपट किंवा पुरलेलं मडकं लागलं, तर हात लावण्याआधी जागेवरच, बाजूला पट्टी ठेवून फोटो घ्या आणि तहसील कार्यालयाला कळवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे आणि तो कायदा आजही लागू आहे.

(पुढील आठवड्यात : खजाना बावडी)