आरएक्स १०० चा नाद : आधी कागद, मग ब्रेक, सायलेन्सर सगळ्यात शेवटी

यात्रा असो नाहीतर बैलगाडा शर्यतीचं मैदान, लावलेल्या शे-दीडशे गाड्यांत एखादी आरएक्स १०० असली की पोरांचा घोळका तिच्याभोवतीच जमतो. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच पोरांचा जन्म ही गाडी बंद झाल्यानंतरचा आहे. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात नवी आरएक्स सुद्धा तीस वर्षांच्या घरात गेली आहे. तरी कागद चोख असलेल्या गाडीला लोक लाखाच्या पुढे भाव सांगतात आणि घेणारे घेतातही.

गोठ्यात, पडवीत ताडपत्रीखाली पडलेली आजोबांची, चुलत्यांची आरएक्स बाहेर काढून तयार करायची हौस सध्या गावोगाव वाढली आहे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण पैसा कुठे घालायचा याचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी उलटा लागतोय. पहिल्यांदा सायलेन्सर बदलला जातो, मग रंग, मग ब्लॉकला घासाघीस. ब्रेक आणि कागद शेवटी, तेही पोलिसांनी अडवल्यावर.

एवढ्याशा इंजिनात एवढी ताकद कुठून?

आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवरच्या आसपास आणि गाडीचं वजन साधारण शंभर किलो. आजच्या १०० सीसीच्या गाड्या आठ हॉर्सपॉवरच्या आसपास असतात. हा फरक टू-स्ट्रोकमुळे पडतो. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत क्रँक दोन वेळा फिरल्यावर एकदा पेट्रोल पेटतं. टू-स्ट्रोकमध्ये ते प्रत्येक फेऱ्याला पेटतं. व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. ब्लॉकच्या भिंतीलाच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो आणि झाकतो.

अडचणही तिथेच आहे. जळालेला धूर बाहेर जाण्याची खिडकी आणि नवं पेट्रोल आत येण्याची खिडकी काही वेळ एकदमच उघड्या राहतात. त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशा या गाड्या मागे पडल्या, त्याचं मुख्य कारण हेच.

वाया जाणारं हे पेट्रोल अडवायचं काम सायलेन्सर करतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज कमी करायला नाही. त्याचा फुगीर आणि पुन्हा निमुळता आकार मापाने केलेला असतो. धुराची लाट त्यातून आपटून परत येते आणि बाहेर निघालेलं ताजं पेट्रोल पुन्हा ब्लॉकमध्ये ढकलते. म्हणजे सायलेन्सर हा इंजिनाचाच एक भाग आहे. आतला बॅफल काढून टाकला किंवा बाजारातला कुठलाही पाइप बसवला की आवाज वाढतो, पोरांना वाटतं गाडी पळायला लागली. प्रत्यक्षात खालच्या वेगातली ओढ जाते आणि कार्बोरेटर पुन्हा जुळवला नाही तर पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडून इंजिन तापतं.

मूळ सायलेन्सर दमला असेल तर बहुतेक वेळा त्यात काजळी साचलेली असते. बॅफल काढून साफ करून घेतला तर निम्म्या गाड्या सुधारतात. खर्चही किरकोळ.

ऑइल चुकलं की इंजिन धरलं

आरएक्समध्ये इंजिनाच्या आतल्या भागाला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबरच. मूळ गाडीत त्यासाठी वेगळी टाकी आणि पंप असतो. पंप बिघडला की बरेच मेस्त्री तो बंद करून टाकतात आणि ऑइल थेट पेट्रोलच्या टाकीत घालायला सांगतात. यात चूक काही नाही, पण मग प्रत्येक वेळी आठवणीने घालावं लागतं. एका लिटरला २० मिली टू-टी ऑइल, म्हणजे पाच लिटरला १०० मिली, हे सर्वसाधारण प्रमाण. नवा पिस्टन बसवला असेल तर सुरुवातीला थोडं जास्त. मित्राने गाडी नेली, पंपावर नुसतं पेट्रोल टाकलं आणि दहा किलोमीटरवर पिस्टन धरला, अशा कथा प्रत्येक तालुक्यात सापडतील.

घाटातली एक गोष्ट फोर-स्ट्रोकवर शिकलेल्या पोरांना ठाऊक नसते. उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गियरमध्ये सुसाट सोडली, तर इंजिन जोरात फिरतं पण पेट्रोल जवळजवळ बंद असतं. पेट्रोल नाही म्हणजे ऑइल नाही. लांब उतारावर मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. शिवाय टू-स्ट्रोकचं इंजिन गाडीला फारसं अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.

धुराच्या रंगावरूनही बरंच कळतं. किक मारल्यावर थोडा निळसर धूर येणं नैसर्गिक आहे. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि गियर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकच्या गियरकडच्या बाजूचं ऑइल सील गेलेलं असतं, इंजिन गियर ऑइल ओढून जाळत असतं. मॅग्नेटकडचं सील गेलं तर धूर येत नाही, पण तिथून फुकटची हवा आत जाते. गाडी आपोआप रेस होते, मेस्त्री कार्बोरेटर पिळत बसतो आणि एक दिवस पिस्टन धरतो. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीची दोन्ही सीलं वाळलेली असतात. ती बदलल्याशिवाय गाडी लांब नेऊ नये. प्लग काढून बघायची सवयही ठेवावी. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक, पांढरं फटक असेल तर इंजिन तापतंय, काळं-ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जातंय.

आपल्याच उसाचं इथेनॉल

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. ऊस पिकवणाऱ्या भागात इथेनॉलविरुद्ध बोलणं अवघड, कारखान्यांचं बरंच गणित त्यावर आहे. पण आरएक्स बनली तेव्हा हे पेट्रोल नव्हतं. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या मापाच्या जेटवर इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि ते जास्त तापतं. उपाय सोपा आहे. कार्बोरेटरचा मेन जेट एक-दोन नंबरने मोठा घ्यायचा आणि प्लगचा रंग बघून कायम करायचा. जुनी रबरी पेट्रोल नळी आणि कार्बोरेटरमधली रबरं इथेनॉलने फुगतात, चिरतात, ती बदलून घ्यायची. इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळ्यात चार महिने गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नये आणि कार्बोरेटरचा वाटी-भाग रिकामा करून ठेवावा. नाहीतर दसऱ्याला पूजेसाठी गाडी काढताना टाकीत गंज आणि जेटमध्ये कचरा ठरलेला.

ब्लॉक जपा

पिस्टन झिजला की ब्लॉक बोर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. मापं पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० पर्यंत. म्हणजे मूळ ब्लॉकला मोजक्याच संधी असतात. त्यातली एक संधी नुसत्या हौसेपोटी घालवणं हा शुद्ध येडेपणा आहे. कंपनीचा मूळ ब्लॉक आता सहज मिळत नाही, बाजारात नकली माल भरपूर. नकलीवरही जपानी शिक्के मारून विकतात, तेव्हा शिक्क्यावर जाऊ नये.

पोर्ट घासून गाडी पळवायचा प्रकार तर याहून वाईट. खिडकी एक मिलिमीटर वर गेली की इंजिनाचा सगळा स्वभाव बदलतो. वरच्या वेगात थोडी ओढ मिळते, पण खाली गाडी मरते, पेट्रोल जास्त पिते, आणि घासलेलं लोखंड परत बसवता येत नाही. शर्यतीसाठी वेगळा ब्लॉक ठेवणारे लोक आहेत, ते त्यातलं जाणतात. घरच्या एकुलत्या ब्लॉकवर प्रयोग नकोत.

बोर केल्यावर लेथवाल्याकडून पिस्टन आणि ब्लॉकमधली फट मोजून घ्यावी. पहिले पाचशे किलोमीटर गाडी ताणायची नाही, डबल सीट चढावर न्यायची नाही.

सुधारणा करायची तर ब्रेकची

आरएक्सला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ही गाडी झटक्यात वेग धरते आणि थांबताना मात्र वेळ घेते. अपघात तिथेच होतात. नवे लायनर, नवी केबल, आतला कॅम साफ करून ग्रीस आणि ड्रम अंडाकृती झाला असेल तर लेथवर सरळ करून घेणं, एवढ्यावर मूळ ब्रेकसुद्धा चांगला लागतो. दुसऱ्या गाडीचा पुढचा फोर्क आणि डिस्क बसवणारे बरेच आहेत. पण फोर्कची लांबी बदलली की हँडलची चाल बदलते, आणि तो बदल आरटीओच्या नजरेत येतो. टायर वरून चांगले दिसले तरी दहा वर्षांपूर्वीचे असतील तर टाकून द्यावेत, रबर कडक होऊन पावसात घसरतं. पाठोपाठ वायरिंग आणि हेडलाइट. जुन्या गाडीत वेग कमी झाला की दिवा मंद होतो, रात्री उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर हे परवडणारं नाही. त्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतोच, हा वेगळा विषय.

कागद नसेल तर भंगाराचा भाव

गाडी घेताना इंजिन चालू करून आवाज ऐकण्याआधी आरसी मागावी. हँडलच्या मानेजवळचा चेसी नंबर आणि इंजिनाच्या केसवरचा नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. नंबरवर घासल्याची, पुन्हा ठोकल्याची खूण दिसली तर तिथूनच माघारी फिरावं, मग गाडी कितीही चकाचक असो. बऱ्याच आरएक्सना मधल्या काळात आरएक्स १३५ किंवा आरएक्सजीचं इंजिन बसवलेलं आहे. आरटीओत तशी नोंद नसेल तर रिपासिंगला अडतं.

नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून पाहावा. जुलै १९८९ पूर्वी नोंद झालेल्या गाड्यांना आजच्यासारखा एमएचचा नंबर नव्हता, जुन्या पद्धतीची अक्षरं होती. अशा काही गाड्यांची नोंद अजून ऑनलाइन चढलेली नसते. ती आधी आरटीओतून चढवून घ्यावी लागते, त्याशिवाय उंच सुरक्षा नंबर प्लेटही मिळत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ही प्लेट सक्तीची आहे. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी लागतो.

गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आणि ते हयात नाहीत, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा, असा नियम आहे. वर्षं उलटून गेली असली तरी काम होतं, पण सगळ्या वारसांची संमती जमवताना भाऊबंदकी आडवी येते. बहिणींच्या सह्या राहिल्या म्हणून गाडी गोठ्यातच सडली, असं होऊ द्यायचं नसेल तर मेस्त्रीकडे नेण्याआधी घरात बसून बोलून घ्यावं.

पंधरा वर्षं झाली की फॉर्म २५ भरून रिपासिंग करावं लागतं, ते पाच वर्षं चालतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्क दोन हजार रुपये केलं. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. पीयूसी दर सहा महिन्यांनी. मार्च २००० पूर्वीच्या टू-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे, कार्बोरेटर नीट जुळवलेली गाडी त्यात बसते. गाडी समोर न नेता पीयूसी काढून देणारे भेटतात, पण दावा करताना असले कागद गळ्यात येतात.

आणि आता सायलेन्सर. परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्या तर कलम १९० (२) खाली दंड दहा हजारांपर्यंत जातो, लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेले आहेत.

ज्यांनी आधीच बदल करून ठेवले आहेत त्यांनी निदान काढलेला माल भंगारवाल्याला देऊ नये. मूळ सायलेन्सर, कार्बोरेटर, साइड पॅनल, मीटर, अगदी जुने नट-बोल्टसुद्धा ऑइलच्या फडक्यात गुंडाळून पोत्यात भरून माळ्यावर ठेवावेत. रिपासिंगच्या दिवशी ते लागतात, आणि उद्या गाडी विकायची वेळ आली तर घेणारा गाडीच्या आधी ते पोतं बघायला मागतो.